माळ्यावरची बाडं

१२ मे २०२३, कुंभकोणम

वाळवीचं औषध मारणारा माणूस सोमवारी येतोय, म्हणून आज माळा रिकामा केला. पितळी हंडे, पाळण्याच्या साखळ्या, नवरात्रातल्या गोलूच्या फळ्या असं सगळं उतरलं आणि त्यामागे भिंतीशी रचलेली बाडं निघाली. अख्खी साप्ताहिकं नव्हेत. दर आठवड्याच्या अंकातून कादंबरीची तेवढी पानं सोडवून घ्यायची, क्रमाने लावायची आणि कथा संपली की बाइंडरकडे टाकायची, अशी तयार झालेली. तमिळ घरांत ही रीतच होती. ‘आनंद विकटन’ १९२६ चं, एस. एस. वासन यांनी ते १९२८ मध्ये घेतलं; ‘कल्कि’ १९४१ चं, ‘कुमुदम’ १९४७ चं. घरटी एक तरी यायचं, आणि क्रमशः कादंबरी, म्हणजे ‘तोडर्‌कदै’, हा त्याचा जीव.

नवऱ्याला तमिळ बोलता येतं, वाचता येत नाही. सासरे रेल्वेत होते, त्यामुळे याची शाळा भुसावळ आणि इटारसीला झाली. बाडांच्या पाठीवरची नावं वाचून दाखवली ती पुण्याहून आलेल्या सुनेने. अत्तै (सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, वय चौऱ्याऐंशी) झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. एका नावाला ‘तो कचरा’ म्हणाल्या, दुसऱ्याला नुसताच हात पुढे केला.

१३ मे

हात पुढे केला तो लेखक कल्कि यांच्या, ‘कल्कि’ साप्ताहिकातच आलेल्या ‘पोन्नियिन सेल्वन’ या कादंबरीसाठी. पाच भाग, पाच बाडं. दिवसभर पहिल्याच बाडात होते.

पुठ्ठ्यावर शिरांच्या नक्षीचा कागद, पाठीला आणि कोपऱ्यांना तांबडं कापड. वास जुन्या कागदाचा, पण कसर जवळपास नाही. खळीत मोरचूद चांगला सढळ घातलेला असणार. बाइंडरचा हात मात्र निष्ठुर. कडा कापताना त्याने वरच्या ओळींची डोकी उडवली आहेत आणि टाके इतके आत घातलेत की प्रत्येक ओळीची सुरुवात नाहीतर शेवट बघायला बाड दोन्ही हातांनी फाकवून धरावं लागतं.

हीच कादंबरी दुकानात नव्या कोऱ्या संचात मिळते. कल्कींचं लेखन सरकारने राष्ट्रीयीकृत केल्यापासून कुणीही छापतो, स्वस्तातही देतो. मजकूर तोच. पण त्यात प्रकरण संपतं आणि पुढचं लगेच सुरू होतं. इथे प्रकरण संपल्यावर खाली अमृतांजनची बाटली येते, मग कुणाची तरी अर्धी पाककृती, आणि मागच्या पानावर एका अनोळखी लघुकथेचा शेवट. त्यातली बाई रेल्वेच्या डब्यात बसते आणि खिडकी लावून घेते. ती कुठून निघाली, का निघाली, काही कळायचा मार्ग नाही. आधीची पानं रद्दीत गेली. मला कथानायक वंदियत्तेवनाच्या घोड्यापेक्षा आज त्या बाईचीच जास्त काळजी लागून राहिली.

कल्कि पाल्हाळिक आहेत, हे माझं मत छापील संच वाचताना झालं होतं. मागे काय घडलं ते पुन्हा सांगतात, वाचकाला थांबवून त्याच्याशी बोलतात, आणि नेमकं दार वाजलं की प्रकरण संपवतात. बाडात वाचताना या खोडी खोडी राहत नाहीत. सात दिवसांनी परत येणाऱ्या माणसाला ‘मागच्या खेपेला आपण कुठे होतो’ हे सांगायलाच हवं ना!

१४ मे

दुसऱ्या बाडाच्या मध्यावर छापील पानं अचानक संपतात आणि रेघांच्या वहीचे कागद लागतात. निळी शाई, आता तपकिरीकडे झुकलेली. अख्खा एक हप्ता हाताने उतरवलेला, मजकूर दोन रकान्यांत, छापल्यासारखा. चित्राच्या जागी पेन्सिलीने चौकट आखलेली, आत काही नाही. चौकटीखाली मात्र चित्राची ओळ जशीच्या तशी.

“अक्षर कुणाचं, अत्तै?”

“माझंच. शेजारच्यांनी अंक नेला तो परत दिलाच नाही. बाइंडर म्हणाला, एक हप्ता नसला तर काय बिघडतं? अम्मा म्हणाली, तुझं काही बिघडत नाही. मग मला देवळामागच्या वाड्यात पाठवलं. त्यांचा अंक घराबाहेर जात नसे, म्हणून तिथेच बसून लिहिलं.”

“आणि चित्र?”

“मणियमचं चित्र मी काढू?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचा प्रश्न गिळला.

मणियम हा ‘पोन्नियिन सेल्वन’चा चित्रकार. वाचकांनी ही माणसं पाहिली ती आधी त्याच्या रेषेत. कादंबरीतल्या नंदिनीचा, संत आंडाळसारखा एका बाजूला कललेला अंबाडा दिसला की नाव वाचायची गरज उरत नाही. ‘कल्कि’च्या वाचकांच्या पुढच्या पिढ्यांसाठी कादंबरी पुन्हा क्रमशः छापली गेली तेव्हा दुसऱ्यांनी चित्रं काढली. अत्तैंच्या लेखी ते सगळे भाडेकरू.

दुपारी वाचायचं काम त्यांच्याकडे असे. अकरा-बारा वर्षांची पोर मधे, आजूबाजूला वाचता न येणाऱ्या बायका, कुणाच्या हातात निवडायचे तांदूळ, कुणाची वेणीफणी. “घाई केली की रागवायच्या, आणि लढाई आली की म्हणायच्या, ते सोड, कुंदवै काय म्हणाली ते वाच.”

आणखी एक गोष्ट इथे राहूनच कळते. कथेतला वंदियत्तेवन कुडंदैला ज्योतिष्याकडे येतो आणि तिथे त्याची चोळ राजकन्या कुंदवैशी पहिली गाठ पडते. कुडंदै म्हणजे हेच गाव. कुंदवैचा महाल होता ते पळैयारै इथून काही किलोमीटरवर. या बायकांना चोळ साम्राज्याचा इतिहास नको होता; आपल्या पलीकडच्या आळीत काय चाललंय, ते हवं होतं.

१५ मे

औषधवाला आला. घरभर वास. बाडं अंगणातल्या खाटेवर, वर जुनं धोतर. कत्तिरीचं, म्हणजे ऐन मे महिन्यातलं, ऊन म्हणजे काय ते आज पायांना कळलं. कावेरीत वाळू दिसते आहे; मेट्टूर धरणाचं पाणी सुटायला अजून महिना आहे. वाचन नाही.

१६ मे

‘पोन्नियिन सेल्वन’ २९ ऑक्टोबर १९५० ला सुरू झाली आणि १६ मे १९५४ च्या अंकात संपली. आजचीच तारीख, म्हणून शेवटचं बाड काढलं. साडेतीन वर्षं! अत्तै पहिल्या हप्त्याला परकर नेसत होत्या आणि शेवटच्या हप्त्याच्या वेळी त्यांच्यासाठी स्थळं बघत होते.

शेवट मात्र वाचकांना पुरला नाही. अमक्याचं काय झालं, तमकीचं लग्न झालं का, अशी विचारणा झाली आणि कल्कींनी उपसंहार लिहून पुढची खबरबात दिली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला ते गेले, वय ५५. बाड बांधायला पडलं तेव्हा लेखक हयात नव्हता, असं अत्तैंना आठवतं.

नणंदेचा मुलगा चेन्नईहून आलाय. मणिरत्नमच्या याच कादंबरीवरच्या सिनेमाचा दुसरा भाग त्याने गेल्याच पंधरवड्यात पाहिला. अत्तैंना विचारतो, पुस्तकात युवराज करिकालनाला नक्की कुणी मारलं? अत्तै म्हणाल्या, “साडेतीन वर्षं वाचून आम्हाला कळलं नाही, तुला अडीच तासांत हवंय?”

१८ मे

बाकीच्या बाडांचा दिवस.

‘तिल्लाना मोहनांबाळ’ विकटनमधलं, कोत्तमंगलम सुब्बूंनी ‘कलैमणि’ या नावाने लिहिलेलं. नादस्वरम वाजवणारा षण्मुगसुंदरम आणि नर्तकी मोहना यांची गोष्ट. चित्रं गोपुलूंची. हा चित्रकार तंजावरकडचा; तविल वाजवणाऱ्याच्या बोटांवरच्या टोप्या, मांडवातले बसायचे मानपान, सगळं ओळखीतलं. सिनेमा १९६८ मध्ये आला, शिवाजी गणेशन आणि पद्मिनीचा. तोवर लोकांच्या मनात सगळ्यांचे चेहरे ठरून गेले होते. अत्तै अजून शिवाजीला गोपुलूच्या रेषेवर जोखतात. शिवाजी पास झाला, पण काठावर.

‘यवन राणी’, सांडिल्यन, कुमुदममधलं. मी दोन दिवस झगडून सोडलं. एकेका स्त्रीचं वर्णन संपेपर्यंत जहाज किनाऱ्याला लागतं. सासऱ्यांच्या धाकट्या भावाचं हे दैवत होतं म्हणे. बाडाच्या कडा त्याच्या बोटांनी काळ्या झाल्या आहेत.

आणि सगळ्यांत खाली एक किडमिडीत वस्तू, बाड म्हणवत नाही इतकी. टाचणीने टोचलेली थोडीशी पानं. सुजाता यांचं ‘करुप्पु सिवप्पु वेळुप्पु’. १८५७ च्या उठावावरची ही कादंबरी कुमुदममध्ये सुरू झाली, त्यातल्या मजकुरावर आक्षेप आला, प्रकरण धमक्यांपर्यंत गेलं आणि ती थांबली. पुढे सुजातांनी तीच ‘रत्तम ओरे निरम’ या नावाने नव्याने लिहिली आणि पुस्तक मिळतं ते त्याच नावाचं. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधला हा इंजिनियर पुढे तमिळच्या सर्वांत वाचल्या जाणाऱ्या लेखकांपैकी एक झाला. पण त्याची थांबवलेली गोष्ट, थांबवली तिथेच थांबलेली, ती दुकानात मिळणार नाही. ती या टाचणीत आहे. माळ्यावरची सगळ्यांत मोलाची चीज हीच, असं माझं मत. अत्तैंना मान्य नाही.

१९ मे

जेवताना अत्तैंनी विचारलं, “तुमच्याकडे कांडेकर अजून वाचतात का?” खांडेकर! का. श्री. श्री. यांच्या अनुवादांमुळे वि. स. खांडेकर तमिळ घरात असे रुळले की कित्येकांना ते इकडचेच वाटत. ‘ययाति’च्या तमिळ अनुवादाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. मी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘ययाति’ वाचतात, बाकीचं कमी. त्यांना वाईट वाटलं. माझ्या माहेरच्या माणसांनी घरातल्या थोरल्याला विचारू नये, तसं काहीसं.

उलट दिशेने मी ‘शिवगामियिन सपदम’ काढलं. त्यात पल्लवांचा शिल्पकार आयनर अजिंठ्याच्या रंगांचं गुपित मिळावं म्हणून झुरतो, आणि ते आणायला परंज्योती नावाचा पोरगा निघतो. कांचीत बसून अजिंठ्यासाठी जीव टाकणारा माणूस कल्कींनी १९४० च्या दशकात, महायुद्ध चालू असताना, आठवड्याला एक प्रकरण या हिशेबाने रंगवला. मी अजिंठा शाळेच्या सहलीत पाहिलं. रंगांपेक्षा डबा लक्षात आहे.

२१ मे

भाच्याचं म्हणणं, सगळं स्कॅन करू, मग हे ओझं कशाला. त्याने फोनवर नमुना करून दाखवला, झकास स्वच्छ पान. जाहिरात कापलेली, मागची अर्धी लघुकथा गाळलेली, अत्तैंच्या हस्ताक्षरातला हप्ता ‘नेटवर छापील मिळतो’ म्हणून वगळलेला. हे सगळं पुन्हा करायला लावलं. बाटलीसकट, पाककृतीसकट, रिकाम्या चौकटीसकट.

चेन्नईच्या रोजा मुत्तय्या ग्रंथालयाचा विषय मी काढला. कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्या चेट्टियार यांनी पुस्तकं, नियतकालिकं, नाटकांच्या जाहिराती, मिळेल तो छापील तमिळ कागद आयुष्यभर जमवला. १९९२ मध्ये ते गेल्यावर शिकागो विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला, पण परदेशी न नेता चेन्नईतच ठेवला. सुजातांची टाचणी तिथे दाखवून बघावी, असं मी म्हटलं. अत्तै म्हणाल्या, “ती खुशाल ने. कल्कि मी आहे तोवर इथेच.”

संध्याकाळी त्यांनी बाइंडरकडे काय जायचं याची यादी सांगितली, मी लिहून घेतली. कडा कापायच्या नाहीत, हे दोनदा लिहवून घेतलं. ‘पोन्नियिन’चं दुसरं आणि चौथं, ‘शिवगामी’, ‘मोहनांबाळ’. यादीत ‘यवन राणी’ नव्हती. विचारलं.

“ते धाकट्याचं. त्याला फोन कर, पैसे पाठवायला सांग.”