सोमवारी येणाऱ्या विषयास

प्रिय विषया,



तू सोमवारी सकाळी येतोस, बहुतेक वेळा एकाच शब्दाचा होऊन. ‘सावली’, ‘आवाज’, ‘दार’, ‘लाल’. रविवारी रात्री बारापर्यंत मुदत, फोटो एकच, आणि तो त्याच आठवड्यात काढलेला हवा. आमच्या गटात शाळेत शिकवणारे आहेत, औषधांचं दुकान चालवणारे आहेत, एक रिक्षाचालक आहेत, दोघं-तिघं निवृत्त आहेत. मी विम्याच्या ऑफिसात काम करते. कुणाचंच पोट कॅमेऱ्यावर नाही. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तिच्यात भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी होते, तेही पेशाने डॉक्टर. दिवसा रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात माणसांचे फोटो काढायचे, ही रीत आपल्याकडे तेवढी जुनी आहे. तेव्हा हौशी म्हणवून घ्यायला आम्हाला कमीपणा वाटत नाही. पण हौशी माणसाची एक अडचण असते आणि ती तू सोडवतोस, म्हणून हे पत्र. काही मागणंही आहे, ते शेवटी.

अडचण अशी, की काय काढायचं हे आम्हाला कुणीच सांगत नाही. बातमीदाराला संपादक सांगतो, लग्नाचे फोटो काढणाऱ्याला यजमान सांगतात. आम्ही कॅमेरा घेतो आणि मग सगळे जातात तिकडे जातो. थंडीत भिगवणला रोहित, सप्टेंबरात कासची फुलं, ज्येष्ठात दिवेघाटातली वारी, एरवी सिंहगडावरचा सूर्योदय. या जागा सुंदर आहेत यात वाद नाही. पण तिथे जाण्याआधीच त्यांचे इतके फोटो पाहिलेले असतात, की आपण नकळत त्यातलाच एखादा पुन्हा काढून परत येतो. शिवाय हे सगळं सुट्टीच्या दिवसाचं. सोमवार ते शुक्रवार कॅमेरा कपाटात असतो आणि डोळेही त्याच्यासोबत कपाटात जातात.

तू आलास आणि कपाट उघडलं. तू कुठे जा म्हणून सांगत नाहीस. जिथे आहेस तिथेच बघ, एवढंच सांगतोस.

‘सावली’ आली ती मेच्या मध्यावर. फोटोग्राफीची पुस्तकं आणि अनुभवी मंडळी एकच सांगत आलीत: उन्हाळ्यातली भर दुपार टाळा, तो प्रकाश कोरडा आणि कठोर, कॅमेरा सकाळी नाहीतर संध्याकाळी काढा. पण पुण्यात साधारण 13-14 मेला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली पडतच नाही. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. जुलैअखेरीला असा दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळच भरलेलं असतं. म्हणजे सावलीचा फोटो मागितलास तो नेमका सावली जाण्याच्या आठवड्यात! मी जेवणाच्या सुट्टीत घरी आले आणि गच्चीवर गेले.

गच्चीवर शेजारच्या काकूंचं वाळवण होतं. उडदाचे पापड, कुरडया, सांडगे. खाली जुनी सुती साडी, आणि कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून वर चार काठ्यांना बांधलेली नायलॉनची जाळी. साडेबारा वाजायला आले तशा काठ्यांच्या सावल्या आखडत आखडत बुंध्याशी गेल्या आणि नाहीशा झाल्या. आणि जाळीची चौकट न चौकट सरळ खाली उतरली. वाकडी नाही, लांबलेली नाही. प्रत्येक पापडावर आखून दिल्यासारख्या रेघा. सकाळी आठ वाजता ही जाळी भिंतीवर कुठेतरी ताणलेली दिसते. वरून सरळ फोटो घ्यावा, तर कॅमेऱ्याचीच सावली पापडावर पडते, कारण सूर्य थेट पाठीमागे. म्हणून जरा बाजूला गुडघ्यावर बसून तिरका घेतला. स्वच्छ उन्हासाठी रोलच्या काळापासून चालत आलेला हिशोब आहे: छिद्र एफ/16 आणि शटरचा वेग आयएसओएवढा. शंभर आयएसओला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग. तोच धरला. एरवी तो कठोर प्रकाश आम्ही टाळतो. पापडावरची ती रेघ त्या कठोरपणामुळेच तर इतकी कातीव आली.

काकू खालून विचारत होत्या, “अगं, एवढ्या उन्हात काय करतेस?” त्यांना वर बोलावून दाखवलं. इतकी वर्षं त्या हे वाळवण घालताहेत, पण भर बाराला वर कोण थांबतंय? दोघी जणी ऊन कलेपर्यंत तिथे होतो.

‘आवाज’ या विषयाने मला सगळ्यात जास्त छळलं आणि सगळ्यात जास्त शिकवलं. फोटोत आवाज कसा आणायचा? पहिल्या दोन दिवसांत गटातल्या प्रत्येकाच्या मनात ढोल, हॉर्न, ओरडणारी मुलं येऊन गेली असणार. मी कसब्यातल्या तांबट आळीत गेले. पेशवाईत कोकणातून आलेल्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. बंब, हंडे, घागरी घडवणारे हात अजून तिथे आहेत. आळीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज लागतो. भांड्याचा आकार झाला, की त्याला मठारतात. जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांडीवर भांडं चढवायचं आणि बाहेरून हातोडीचे एकसारखे ठोके देत देत फिरवायचं. ठोक्यागणिक एक खळी पडते, खळीशेजारी खळी, ओळीखाली ओळ. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि नंतर त्याच खळ्यांवर उजेड नाचतो.

ज्यांच्याकडे गेले त्यांना आधी विचारलं. म्हणाले, “ताई, बसा आधी. कानाला सवय होऊ द्या, मग काढा.” बसले. त्या बसण्यात कळलं की ठोके एका लयीत असले तरी सगळे एका जोराचे नसतात. गळ्याजवळ हात हलका होतो, पोटावर भरून येतो. त्यांचं लक्ष हातोडीकडे नव्हतंच. भांडं फिरवणाऱ्या डाव्या हाताकडे होतं.

मग फोटो. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाला ठेवलं तर हातोडी हवेत थबकलेली, स्वच्छ, धारदार. आणि मुकी. त्या फोटोत अजिबात आवाज नव्हता. वेग कमी करत करत पंधराव्या भागापर्यंत आणला, कॅमेरा गुडघ्याला टेकवून श्वास रोखला. आता हातोडी फिकट पट्टा झाली, डावा हात आणि हंडा मात्र स्थिर. हातोडी कुठून आली आणि कुठे पडली ते दिसायला लागलं. दुकानात अंधार असतो. तो पाहून कॅमेरा आपणहून उजेड वाढवतो आणि तांबं पांढरंफटक पडतं. म्हणून एक स्टॉप खाली उतरवलं, तेव्हा खळ्यांमधला लालसर रंग परत आला. शटर म्हणजे काय, एक्स्पोजर कमी का करायचं, हे मी पुस्तकात अनेकदा वाचलं होतं. ते कळलं त्या दुपारी, कारण तुझ्या ‘आवाज’ या शब्दाने ते माझ्याकडून मागून घेतलं.

मोठ्या छायाचित्रकारांनी तुला स्वतःहून घरी बोलावून घेतलं होतं, असं मला वाटतं. आन्द्रे कर्टेशचा 1928 मधला पॅरिसमधला फोटो आहे. ताटलीच्या कडेला टेकवलेला जेवणाचा काटा आणि त्याची सावली, बाकी काही नाही. एडवर्ड वेस्टनने 1930 मध्ये ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो काढला. त्याचं नाव ‘पेपर नंबर 30’. एकाच भाजीपाशी तो किती रेंगाळला ते नावातल्या आकड्यावरून समजावं. आणि प्रागचा योसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. पुढे नाझींनी शहर ताब्यात घेतल्यावर बाहेर मोठा कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड झालं. तेव्हा 1940 पासून 1954 पर्यंत तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवर साठलेलं दव, ओघळ, पलीकडे अंगणातलं वाकडं झाड. विषय एक, ‘खिडकी’, आणि मुदत चौदा वर्षं. आम्हाला सात दिवस मिळतात, पण काम त्याच जातीचं आहे.

आता जे मला तुझ्याबद्दल सगळ्यात मोलाचं वाटतं ते सांगते. तू सगळ्यांना एकच शब्द देतोस आणि प्रत्येक जण त्यातून आपलं रोजचं जग घेऊन येतो. ‘लाल’ म्हटल्यावर कुंकू आलं, गुलाब आला, एसटीही आली. आमच्या औषधवाल्या दादांनी गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो आणला. अँटिबायोटिकच्या पाकिटावर मागे एक उभी लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी. चंदेरी पत्र्यावर ती एकच रेघ, वरून दुकानाच्या ट्यूबलाइटचा निळसर प्रकाश. ती रेघ ते रोज शेकडो वेळा हाताळतात आणि गिऱ्हाइकाला समजावून थकतात. त्यांच्याशिवाय हा फोटो कुणीच काढला नसता. ‘दार’ आलं तेव्हा रिक्षावाले काका म्हणाले, “माझ्या गाडीला दारच नाही.” आणि फोटो आणला तो उजव्या बाजूच्या आडव्या दांडीचा. तिचा रंग मधेच उडालेला, कारण नेमकं तिथेच सगळे हात धरतात, आणि त्या जागी शाळकरी मुलाची चार बोटं. त्या फोटोनंतर मी रिक्षात बसते तेव्हा माझा हात कुठे जातो हे मला कळतं.

हे सगळं खरं, पण तुझ्यामुळे एक गोष्ट घडते जी मला मान्य नाही, आणि तिथे मला तुझ्याशी स्पष्ट बोलायचं आहे. ‘वाट पाहणं’ आलं त्या आठवड्यात बरेच जण इस्पितळाच्या दाराशी गेले. तिथे वाट पाहणारी माणसं असतात हे खरंच. पण आयसीयूबाहेर जमिनीवर बसलेल्या बाईचं रडणं तुझ्यासाठी नाही. तिला कुणी विचारलं नाही, आणि त्या क्षणी विचारलं असतं तरी ती काय उत्तर देणार? बातमीदार तिथे उभा राहतो तेव्हा त्याला जगाला काही सांगायचं असतं, आणि त्यालाही दहादा विचार करावा लागतो. आमचं कारण एवढंच, की रविवारची मुदत आहे. ते कारण पुरेसं नाही. मी त्या आठवड्यात घरात विरजण लावलं. थंडीचे दिवस, म्हणून पातेलं टॉवेलात गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं आणि सकाळी सहाच्या उजेडात त्याच कोपऱ्याचा फोटो काढला. साधाच फोटो. गटात फारसा कुणाला आवडला नाही. मला तो आजही योग्य वाटतो.

तर आता मागणं.

‘सूर्यास्त’, ‘फुलं’, ‘हास्य’ हे शब्द घेऊन कमी येत जा. त्यांची उत्तरं तयार असतात. ‘रांग’ म्हणून ये, ‘उरलेलं’ म्हणून ये, ‘ओझं’, ‘उसनं’, ‘पाणी येण्याची वेळ’ म्हणून ये. असे शब्द, की जे ऐकून सोमवारी आमची भंबेरी उडेल आणि बुधवारी रस्त्याने चालताना अचानक सापडतील.

त्याच आठवड्याची अट कधीही सैल करू नकोस. जुन्या संग्रहातला देखणा फोटो शोधून लावणं सोपं आहे, आणि आता तर संगणकाला चार शब्द सांगून हवं ते चित्र तयारही करता येतं. त्या चित्रासाठी कुणी ऊन सोसलेलं नसतं, कुणाची परवानगी मागितलेली नसते. आमच्या फोटोला तो आठवडा चिकटलेला असतो. त्या दिवशीचे ढग, त्या दिवशीचा ऑफिसातला उशीर. वर्षअखेरीला ते सगळे ओळीने लावले, की आमचं वर्ष दिसतं. तेवढ्यासाठी एखादा फोटो कच्चा राहिला तर राहू दे.

आणि पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक सोबत आणू नकोस. क्रमांक आले, की माणसं परीक्षकाला आवडेल ते काढायला लागतात, आणि मग औषधाच्या पाकिटावरची रेघ येत नाही, गुलाबच येतात. त्याऐवजी प्रत्येकाने दुसऱ्याच्या एका फोटोबद्दल दोन ओळी लिहाव्यात, असं तूच आम्हाला सांग. लिहायचं तर नीट बघावं लागतं.

या सोमवारी तू ‘दुरुस्ती’ होऊन आला आहेस. जून लागलाय, मंडईजवळ छत्र्या दुरुस्त करणारे फुटपाथवर बसायला लागलेत. त्यांच्यातल्या एका आजोबांशी काल बोलून आले. म्हणाले, “पाऊस नसला तर या, पावसात मला वेळ नसतो.” हवामान खात्याने शनिवारपर्यंत उघडीप सांगितली आहे. उद्या लवकर निघून ऑफिसआधी जाते. माझ्या छत्रीची एक काडी मोडली आहे, तीही घेऊन जाते.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
एक हौशी छायाचित्रकार