पंख्याची दोरी

गेल्या वर्षी मुलाच्या आग्रहास्तव आम्ही उभयता काही महिने अमेरिकेत, ह्यूस्टन शहरी राहून आलो. त्या मुक्कामात एका शनिवार-रविवारी त्याने आम्हांला मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ या जुन्या गावी नेले. फ्रेंचांनी १७१६ साली येथे किल्ला बांधला. पुढे कापसाच्या पैशावर गाव गबर झाले. १९३२ पासून वसंत ऋतूत येथील जुन्या वाड्यांची दारे पाहुण्यांसाठी उघडली जातात. वसईतील आमचे वडिलोपार्जित घर शंभरीला आले आहे आणि त्याचा इतिहास लिहिण्याचे काम भावंडांनी आमच्यावर सोपविले आहे. तेव्हा आम्ही वही घेऊनच निघालो.

प्रथम लाँगवुड पाहिले. हा अष्टकोनी वाडा हॅलर नट या धनिकाने १८६० साली बांधावयास घेतला. दुसऱ्याच वर्षी यादवी युद्ध पेटले आणि उत्तरेकडून आलेले कारागीर काम अर्धवट टाकून परतले. बत्तीस खोल्यांपैकी तळमजल्यावरील नऊच पूर्ण झाल्या. १८६४ मध्ये नट वारले. पत्नी व मुले त्या नऊ खोल्यांतच राहिली. वरचे मजले आजही तसेच अपुरे आहेत. पाहून मन हळहळले.

मग मेलरोज. १८४० नंतरच्या दशकात जॉन मॅकमरन या वकिलाने हे घर बांधले. भोजनगृहात मेजावर महॉगनी लाकडाचा भला मोठा कोरीव पंखा टांगलेला आहे. माहिती देणाऱ्या बाईंनी त्याचे नाव उच्चारले आणि आम्ही चमकलो. 'पंका'! आपलाच पंखा, इंग्रजांच्या तोंडी बसून सातासमुद्रापलीकडे पोहोचलेला. आम्हांला कोण आनंद झाला! तोच बाई म्हणाल्या, "यजमान जेवायला बसले की एक गुलाम, पुष्कळदा लहान मूल, बाजूला उभे राहून याची दोरी ओढत असे." आमचा आनंद तेथेच ओसरला. यजमानाचे नाव आम्ही वहीत टिपले होते. दोरी ओढणाऱ्याचे नाव विचारावे, हे मात्र सुचले नाही.

सायंकाळी गावाबाहेरच्या तिठ्यावर गेलो. १८३३ ते १८६३ अशी तीस वर्षे तेथे माणसांचा बाजार भरत होता. आज तेथे सिमेंटमध्ये रोवलेल्या बेड्या आहेत. याच गावात विल्यम जॉन्सन नावाचा न्हावी होऊन गेला. तो गुलाम म्हणून जन्मला, १८२० साली मुक्त झाला, १८३५ पासून १८५१ मध्ये त्याचा खून होईपर्यंत रोजनिशी लिहीत राहिला, आणि त्यानेही गुलाम बाळगले. ज्याने दोरी ओढावयाची, त्याच्याच हाती संधी मिळताच दुसऱ्याची दोरी आली. हे ऐकल्यावर त्या वाडेवाल्यांना नावे ठेवण्याचा आमचा उत्साह मावळला.

रविवारी सेंट मेरी बॅसिलिकात मिस्साला गेलो. नॅचेझचा धर्मप्रांत १८३७ सालचा, आणि हे मंदिर पूर्वी त्याचे कॅथेड्रल होते. मृतांसाठी प्रार्थना सुरू झाली. आजोबा, आजी, आईवडील अशी नावे मनात घेत असता एकाएकी वाडीतला रहाट डोळ्यांपुढे आला. रेड्यामागे पहाटेपासून फिरणारा तो वारली गडी! तो गुलाम नव्हता, हे खरे. पण त्याने पाजलेल्या पाण्यावर केळी पोसल्या आणि केळीच्या पैशावर आमचे घर उभे राहिले. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून आम्ही विहिरीवर जात असू. त्याच्यासाठी प्रार्थना करावी म्हटले, तर नाव आठवेना. आम्ही सारी त्याला 'गडी' म्हणूनच हाक मारत होतो.

ह्यूस्टनला परतताच गावी थोरल्या बहिणीला फोन केला. "आता आठवते कुठे रे ते!" ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. तिला नाव आठवले होते. आडनाव मात्र तिलाही ठाऊक नव्हते.

घराच्या इतिहासाच्या पहिल्या पानावर आजोबांच्या नावाखाली आम्ही ते नाव लिहिले आहे. पुढे आडनावापुरती जागा कोरी ठेवली आहे. त्याची मुलेनातवंडे कोठे आहेत, याचा शोध चालू आहे.