कर्णवेध

आमच्या चिरंजीवांनी भिकबाळीसाठी कान टोचून घेण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा ‘हे कसले खूळ!’ असे उद्गार आमच्या मुखातून निघाले. पण हात नकळत स्वतःच्या कानाच्या पाळीकडे गेला. तेथील बुजलेले भोक आम्ही तान्हे असताना सोनाराने पाडले होते. सुश्रुतानेही कर्णवेध सांगितला तो बालकाचाच; बालकास कोण विचारतो? चिरंजीव निदान स्वतःच्या कानाविषयी स्वतः ठरवीत होते. म्हणून आम्ही एवढेच बजाविले, की भिकबाळी कानाच्या वरच्या कूर्चेत बसते. कूर्चेस स्वतःचा रक्तपुरवठा नसल्याने जखम भरण्यास कित्येक महिने लागतात. यास्तव निर्जंतुक सुईच हवी, पिस्तूल नको. टोचण्याच्या दिवशी आम्ही सोबत गेलो. सुई शिरली तेव्हा डोळे मात्र आम्हीच मिटले.