कावळ्याची बाजू

परवा भाचीला झोपवायची ड्यूटी माझ्याकडे आली. वय वर्षं ५. बाहेर सॉलिड पाऊस, म्हणून काढली आपली चिऊ-काऊची हुकमी गोष्ट. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. तो चिऊचं दार वाजवत राहतो आणि ती आतून सांगत राहते, थांब! आधी बाळाची आंघोळ, मग पावडर, मग काजळ...

"मावशी, पण काऊ भिजतोय ना? त्यानं काय केलं होतं?"

मी ब्लँक. खरंच की! लहानपणापासून डोक्यात फिट्ट बसलंय, कावळा म्हणजे व्हिलन. पण त्याचा गुन्हा काय? तर घर कच्चं होतं. बस्स.

आणि हे मी विसरावं? २६ जुलै २००५ ला मी स्वतः कावळा होते हो! पहिली नोकरी, ऑफिस मरोळला, घर घाटकोपरला. मेट्रो तेव्हा कुठली, ती आली २०१४ मध्ये. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो हाच दिवस. बस बंद, रिक्षा बंद, मोबाइलला नेटवर्क नाही. अंधेरी-कुर्ला रोडवर कमरेएवढ्या पाण्यातून चालताना एका चाळीतल्या काकूंनी हाक मारली. नावसुद्धा विचारलं नाही. कोरडा गाऊन दिला, चहा दिला. त्या एवढ्याशा खोलीत रात्रभर आम्ही ९ जणी होतो.

आता मी मुलुंडला चौदाव्या मजल्यावर राहते. घर एकदम मेणाचं! गेल्या पावसाळ्यात वॉचमननं इंटरकॉमवर विचारलं, "मॅडम, पार्सलवाला पूर्ण भिजलाय, लॉबीत घेऊ का?" माझा ऑफिसचा कॉल चालू होता. म्हटलं, "सोसायटीचा रूल आहे ना? गेटवरच थांबू दे. आलेच दोन मिनिटांत."

खाली गेले २० मिनिटांनी.

म्हणून त्या रात्री गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, कावळ्याच्या बाजूनं. दाराबाहेर किती गार लागतं, आतला उजेड फटीतून कसा दिसतो, सगळं. मला ते माहीत होतंच.

"म्हणजे चिऊ वाईट होती?" भाचीनं विचारलं.

"नाही गं. बिझी होती."

"एवढा वेळ?"

यावर काय बोलणार? रविवारच्या सोसायटी मीटिंगला मी एक विषय दिलाय. पावसाळ्यात पार्सलवाल्यांसाठी लॉबीत दोन खुर्च्या. बघू, दार उघडतं का!