कोपर ते मनगट

गोंदून घ्यायचं की नाही, हा प्रश्न माझ्या आजीच्या पिढीत कुणी कुणाला विचारला नाही. सुगी उरकली की गोंदणारीण गावात यायची, ओट्यावर पथारी टाकायची, आणि घरातली थोरली बाई एखाद्या परकऱ्या पोरीचं बखोट धरून तिला समोर बसवायची. तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. करवंटीत काजळी, पाल्याच्या रसात कालवलेली. पोर हात ओढून घ्यायला लागली की एकीनं तिचं कोपर दाबून धरायचं, दुसरीनं तोंडात गुळाचा खडा कोंबायचा, आणि गोंदणारीण गाणं म्हणत टोचत राहायची. रक्त पदरानं पुसायचं, वरून हळद आणि तेल. मोबदला सुपातून: जोंधळे, आणि बाई सढळ हाताची असेल तर एखादं जुनं लुगडं.

कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळस, कुणाच्या हातावर विंचू. आजीच्या उजव्या हातावर तिच्या भावाचं नाव होतं, डाव्या हातावर आजोबांचं. उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव तोंडातून न काढणारी ही बाई ते उघड्या हातावर घेऊन जन्मभर भाकऱ्या थापत राहिली आणि त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. गोंदणारणीला अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पाटीवर लिहून दिलेलं तिनं चित्रासारखं उतरवलं होतं, त्यामुळे आजोबांच्या नावातल्या ‘र’ची शेपटी भलत्याच बाजूला गेली होती. दागिने इथंच राहतात, वर जाताना गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आजी म्हणायची. तिच्या सगळ्याच मैत्रिणी म्हणायच्या.

पुरुषांचं गोंदण यात्रेत व्हायचं. आमच्याकडे पालच्या खंडोबाची यात्रा मोठी. पौषात, तारळी नदीच्या काठी. भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत एका कडेला बॅटरीवर मशीन चालवणारा बसलेला असे. शेजारी फळीवर नमुने रंगवलेले: ओम, त्रिशूळ, मारुती, मोर, बाणानं भेदलेला बदाम. ‘आई’ हे सगळ्यात स्वस्त, कारण अक्षरं दोनच. त्या घरघरणाऱ्या मशीनचं कूळ मला फार पुढे वाचायला मिळालं आणि गंमत वाटली. एडिसननं १८७६ मध्ये विजेवर चालणाऱ्या लेखणीचं पेटंट घेतलं. ती कागदाला बारीक भोकं पाडायची, कचेरीतल्या पत्रांच्या नकला काढता याव्यात म्हणून. तिच्याच धर्तीवर १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी गोंदण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. म्हणजे यंत्र मुळात कचेरीतलं. आज त्याच्या कामाला जास्तीत जास्त हरकत घेतली जाते तीही कचेरीतच.

तेव्हा पोटापाण्याचा आणि गोंदणाचा काही संबंध नव्हता. खुरपायला बाई सांगताना तिच्या कपाळावर काय आहे हे कोण बघतंय? मुंबईला गिरणीत गेलेल्यांचे हात जॉबर बघायचा खरा, पण तुटलेला दोरा किती चपळाईनं सांधतात ते बघायला. सरकारी नोकरीत तर गोंदण उपयोगाला यायचं. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर ओळखीच्या खुणांचा रकाना असतो. तीळ नाही, व्रण नाही, अशी पंचाईत झाली की कारकून मान वर करून विचारायचा, ‘गोंदलंय का कुठं?’ माझे चुलत आजोबा फौजेत होते. त्यांच्या दंडावर मारुती होता. पेन्शनच्या कागदावर ओळखीची खूण म्हणून तोच मारुती नोंदवलेला होता आणि दर वर्षी हयातीच्या दाखल्याला गेले की सदऱ्याची बाही वर सारून ते तो दाखवायचे. कुणी मागितला नसला तरी दाखवायचे.

हे सगळं इतकं गोड नव्हतं. माझी आत्या शाळेत हुशार निघाली. पुढं तिला शिक्षिका व्हायचं होतं, आणि गोंदणारीण आली त्या दिवशी ती माळ्यावर जाऊन बसली. शेवटी तोड निघाली ती हनुवटीवरच्या एका ठिपक्याची. नोकरी लागल्यावर तालुक्याच्या शाळेत त्या ठिपक्यावर ती रोज पावडर लावायची. नियम कुठलाच नव्हता. पण शिकलेल्या, गोऱ्यागोमट्या, कोरी हनुवटी असलेल्या सहकारी बायकांत हा ठिपका गाव सांगायचा, आणि गावाबरोबर बरंच काही. नोकरीवर गोंदणाचा पहिला परिणाम मी पाहिला तो हा. लेखी काहीच नाही, नुसत्या नजरा. म्हणून ‘पूर्वी कसं, सगळं मोकळं होतं’ असं कुणी म्हणालं की मला आत्याचा तो पावडरचा डबा आठवतो.

पुढं एड्सची भीती आली. एकच सुई दिवसभर सगळ्यांना, मधूनमधून पेल्यातल्या पाण्यात बुडवायची, हे ज्या बिनघोरपणानं चालायचं त्याला आरोग्य केंद्रातल्या भित्तिपत्रकांनी चाप लावला. ते बरंच झालं. रक्तातून काविळीचा विषाणूही जातो हे तोवर आमच्याकडे कुणाच्या गावी नव्हतं. गोंदण जुनाट ठरलं आणि रोगटही. मुली कोऱ्या हातांनी लग्नाला उभ्या राहू लागल्या.

आणि मग तेच गोंदण पुण्याहून परत आलं, टॅटू होऊन. वातानुकूलित खोली, हातमोजे, पाकिटातून समोर फोडलेली नवी सुई, आणि जोंधळ्याच्या सुपाऐवजी इंचावर पैसे. आता पोरीला कुणी धरून बसवत नाही, ती आधी वेळ ठरवून जाते. आता विचारावं लागतं, आणि विचार करावा लागतो.

माझा पुतण्या सध्या हाच विचार करतो आहे. सातारा जिल्ह्यात फौजेचं वेड जुनं. अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे, यावरून काय ते समजावं. पोरगं पहाटे उठून रस्त्यावर पळतं, अकॅडमीत जातं, आणि त्याला दंडावर शिवाजी महाराजांची राजमुद्रा हवी आहे. महाराजांची मुद्रा अंगावर आणि देशाची वर्दी अंगावर, यात विरोध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. अकॅडमीच्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बनियनवर उभं करून हात पुढे करायला लावले आणि सुनावलं, ‘दंडावर, छातीवर, मानेवर काय काढलं असेल तर मेडिकलला बाहेर. उंची, छाती, पळणं, सगळं पाण्यात.’

नियम खरोखर तसाच आहे. सैन्यात कायमचं गोंदण चालतं ते हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. बाकी अंगावर नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची २०१५ ची नियमावली आणखी बारकाईनं सांगते: हात डावाच हवा, कारण उजव्यानं सलाम करायचा असतो, आणि आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी हवा. देवाचं चिन्ह किंवा नाव असायला हरकत नाही. म्हणजे चुलत आजोबांचा मारुती आजही भरती झाला असता, फक्त त्यानं दंडावरून खाली उतरून डाव्या मनगटाशी यायला हवं होतं.

सैन्याच्या नियमात एक सवलत आहे, आणि ती मला विचारात पाडते. आदिवासी उमेदवाराचं गोंदण जमातीच्या रूढीप्रमाणं असेल तर ते चेहऱ्यावर असलं तरी चालतं. गडचिरोलीतल्या माडियांचं, मेळघाटातल्या कोरकूंचं. हे रास्तच आहे. पण आजीची चंद्रकोरही तिनं हौसेनं काढलेली नव्हती, तीही रूढीच होती. फक्त आमच्या रूढीची कुठल्या यादीत नोंद नाही, आणि ती आम्ही स्वतःच मोडून बसलो. एअर न्यूझीलंडनं २०१९ पासून कर्मचाऱ्यांना गोंदण उघडं ठेवायची मुभा दिली. माओरी लोकांनी आपलं मोको, म्हणजे त्यांचं परंपरेचं गोंदण, टिकवलं, म्हणून तिथं ती मागणी करायला माणसं उरली होती.

आपल्याकडे विमानात काम करू पाहणाऱ्या मुलीला अजून तशी मोकळीक नाही. माझ्या भाचीच्या घोट्याच्या वर एक छोटं पान आहे, कॉलेजात असताना काढलेलं. ती एका विमान कंपनीच्या मुलाखतीला गेली तेव्हा तिला विचारलं गेलं, गणवेश घातल्यावर दिसेल असं काही आहे का? होतं. गणवेश स्कर्टचा होता. तिला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. तिथं शेजारी बसणाऱ्याचा अख्खा हात रंगलेला आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, कारण ग्राहक सातासमुद्रापार आहे आणि त्याला कॅमेऱ्यात खांद्याच्या वरचं तेवढं दिसतं. बँकेत, शाळेत, वकिलाच्या कचेरीत कागदावर बहुधा काहीच नसतं. तिथं अजून आत्याच्या पावडरचाच जमाना आहे, फक्त आता पावडरऐवजी मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट.

माणसं कोर्टातही गेली. सोलापूरच्या एका तरुणाला केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलानं उजव्या हातावरच्या गोंदणामुळं नाकारलं. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. चिन्ह धार्मिक होतं आणि त्यानं ते बरंचसं काढूनही टाकलेलं होतं. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढं असाच उजव्या हाताचा मामला आला. ते काढून टाकून दोन आठवड्यांनी नव्या वैद्यकीय मंडळापुढं उभं राहण्याची मुभा उमेदवाराला मिळाली. पुतण्यानं हे निकाल मोबाइलवर मला आणून दाखवले, जणू आपला खटला आपण जिंकलाच.

‘काका, नंतर लेझरनं जातंय की!’

जातं, पण जाता जात नाही. रंग कातडीच्या वरच्या थरात नसतो, त्याच्या खालच्या थरात असतो. तिथल्या पेशी रंगाचे कण गिळून बसतात, म्हणून तर तो जन्मभर टिकतो. लेझरनं त्या कणांचा भुगा होतो आणि शरीर तो हळूहळू वाहून नेतं. एका बैठकीत भागत नाही. बऱ्याच बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर हटतो, हिरवा-निळा चिवट. काढायचा खर्च घालायच्या खर्चाच्या कितीतरी पट. भरतीची जाहिरात आणि मेडिकल यांच्यामध्ये एवढी सवड कुणाला असते? हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘आणि अग्निवीर म्हणून चारच वर्षं ठेवून घेतलं तर? चार वर्षांच्या नोकरीसाठी जन्मभराची राजमुद्रा सोडायची होय?’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर प्रश्न त्यानं चोख विचारला होता. आजीला निवड नव्हती, पण गोंदल्यानंतर कुणी तिच्या हातावर टेप लावून पाव भाग मोजला नाही. याला निवड आहे आणि टेपही आहे. मला दोन्हींत एक निवडायला सांगितलं तर मी टेपवाला जमाना घेईन, माळ्यावर लपलेल्या आत्यासाठी. पण नोकरी कायमची असायची तेव्हा तिच्यासाठी अंगावरची एक जागा सोडणं परवडायचं. आता चार वर्षांच्या करारालाही तीच जागा हवी असते, हे मला त्या पोराइतकंच खुपतं.

वहिनीनं वाद आटोपता घेतला. ‘आधी भरती हो. मग कपाळावर काढ.’ कपाळावर चालत नाही, हे त्यानं तिला नियमासकट सांगितलं.

यंदा पालच्या यात्रेला आम्ही मिळून गेलो. मशीनवाला अजून बसतो, आता त्याच्याकडे सीलबंद सुया असतात आणि पैसे घ्यायला क्यूआर कोड. पुतण्या समोर उकिडवा बसला आणि फळीवरचे नमुने बघू लागला. मशीनवाल्यानं त्याचे बारीक कापलेले केस पाहिले, धावून काळवंडलेलं तोंड पाहिलं आणि नमुना विचारायच्या आधी विचारलं, ‘भरतीचं पोरगं का? मग दंड सोडून बोल. आत्ता काढतो आणि सहा महिन्यांनी आईला घेऊन भांडायला येता.’ राजमुद्रा कोपराखाली, पाव भागात बसेल का, यावर दोघांची घासाघीस सुरू झाली. मशीनवाल्याचं म्हणणं, एवढ्यात अक्षरं वाचता येणार नाहीत. पुतण्याचं म्हणणं, अष्टकोन तरी काढ. मागं रांगेत आणखी दोन-तीन बारीक केसांची पोरं उभी होती आणि तीही आपापल्या डाव्या हाताची आतली बाजू वर करून बघत होती.