खराब भाग

"तेवढा भाग खराब होता भाऊ, म्हून काढून टाकला." दुकानदाराचं हे वाक्य ऐकून वर्षं लोटली, तरी आठवलं की अजून डोकं फिरतं.

ताईचं लग्न मे 1993 मध्ये मारेगावला, घरासमोरच्या मांडवात झालं. व्हिडिओ शूटिंगची तेव्हा नवलाई. वणीचा कॅमेरावाला खांद्यावर पॅनासोनिकचं धूड घेऊन फिरत होता आणि मागे एक पोरगा हॅलोजन धरून. मिक्सिंगचे, म्हणजे गाणी आणि नावं टाकायचे, पैसे वेगळे होते. बाबांनी ते वाचवले. त्यामुळे हाती आली ती कच्ची कॅसेट, तीन तासांची ई-180. व्हीसीआर भाड्याने आणला की दोन सिनेमांच्या मधे लग्न लागायचं.

मला सांगायचं आहे ते त्यातल्या काही मिनिटांबद्दल. कॅमेरावाला पंगतीत बसला आणि चालू कॅमेरा त्यानं लोखंडी पेटीवर टेकवून ठेवला. चित्रात मांडवाचा आडवा बांबू, आंब्याचा टहाळा आणि मधूनच कोणाचे तरी पाय. आवाज मात्र शेजारच्या खोलीतला. नवरदेवाचे मामा रुसले होते. मानाचं घड्याळ मिळालं होतं, कबूल केलेली अंगठी राहिली होती.

"पाहुणे, चुकारा आला का पहिलं काम तुमचं," बाबांचा आवाज.

"चुकाऱ्याचं आमाले नका सांगू. आमचाबी पडलाच हाय."

आजच्या पोरांना चुकारा सांगावा लागतो. 1972 पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस पणन महासंघालाच द्यायचा, बाहेर विकायला बंदी, आणि पैसे हप्त्याहप्त्यानं. हिवाळ्यात गाडी मोजून दिली तरी शेवटचा चुकारा लग्नसराईपर्यंत हाती पडेल याची खात्री नसायची. म्हणजे त्या खोलीत भांडत होते ते दोन्हीकडचे कापूसवाले, आणि दोघांचेही पैसे एकाच ठिकाणी अडकलेले. मग कोणीतरी मधे पडतं, बाबा तीन-चारदा "माफी करा" म्हणतात, भांडी वाजतात, आणि कॅमेरावाला ढेकर देत कॅमेरा उचलतो. पहिल्यांदा ही कॅसेट लावली तेव्हा इथे येताच बाबा उठून बाहेर गेले होते. नंतर कोणीतरी तेवढा भाग पळवायचं. बोलायचं कोणीच नाही.

बाबा गेल्यावर मला हाच भाग जपून ठेवावासा वाटला. 2018 साल होतं. जगात व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, जुलै 2016 मध्येच थांबली होती. मारेगावात काय, वणीतही चालू व्हीसीआर सापडेना. माळ्यावरच्या कॅसेटला पांढरी बुरशी आलेली. शेवटी करंजी-हिंगणघाटमार्गे नागपूर गाठलं आणि एका दुकानात ती दिली. तासावर दर, अर्धे पैसे आधी.

मिळाली ती एक डीव्हीडी. कव्हरवर बदामाच्या आकारात ताई-भाऊजींचा फोटो. आत सनई, मग सिनेमातली गाणी, एकामागून एक. मंगलाष्टकांवर गाणं, पाठवणीवर गाणं. सगळ्यांची तोंडं हलतात, आवाज एकाचाही नाही. बांबूवाला भाग तर नाहीच. किडकं वांगं चिरताना भाग कापून टाकावा तसा उडवलेला.

पुन्हा नागपूर.

"आवाज कुठं गेला?"

"त्यात नुस्ता गोंगाट होता. गाण्यांचे पैसे तं घेतलेच नाही तुमच्याकून."

"तीन तासांचं होतं ते."

"तीन घंटे कोण पाहते? एका डिस्कात बसवून देल्लं."

"मग कॅसेट द्या."

"कॅसेट? ते खपट कायले पाहिजे आता?"

भंगारात गेली होती. कॉम्प्युटरमधली मूळ फाइलही जागा अडते म्हणून पुसलेली. गिऱ्हाईक होतं म्हणून तो माझ्याशी आवाज खाली ठेवून, समजुतीनं बोलत होता. त्याचाच मला जास्त राग आला. त्यानं फसवलं असतं तर भांडता आलं असतं. त्याला तर वाटत होतं की आपण उपकार केले.

त्याच्या डिस्कच्या हिशोबात तथ्य होतं. 4.7 जीबीच्या डिस्कवर बऱ्या प्रतीचं चित्र दोनेक तासच बसतं. तिसऱ्या तासासाठी दुसरी डिस्क लागते, आणि डिस्कची किंमत काय होती! पण खराब म्हणजे काय, हे त्यानं डोळ्यांनी ठरवलं, कानांनी नाही. व्हीएचएसमध्ये चित्र फिरत्या हेडनं तिरप्या रेघांत उमटतं आणि साधा आवाज फितीच्या काठावर वेगळ्या पट्टीत. म्हणून चित्रात मुंग्या आल्या तरी बोलणं स्वच्छ ऐकू येऊ शकतं. आमचं तसंच होतं.

2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवरचेही सुरुवातीचे कितीतरी कार्यक्रम असेच गेले, त्याच टेपवर नवं भरण्यासाठी पुसले. पण तिथं टेप महाग होती, हे कारण तरी होतं. इथं टेप माझी होती, ती कोणाला परत वापरायचीही नव्हती. पुढच्याच वर्षी, 2019 मध्ये, युनेस्कोनं इशारा दिला की 2025 च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणारी यंत्रंच मिळेनाशी होतील. ते वर्षही गेलं. तेव्हा कोणाच्या माळ्यावर अजून काही असेल तर ऐका: बुरशीची कॅसेट उत्साहानं मशीनमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि दुसऱ्या कॅसेटींनाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मुंग्यांसकट, जशीच्या तशी फाइल मागा. डिस्कवर विसंबू नका, घरी भरलेल्या डीव्हीडीचा रंगाचा थर उन्हानं, काळानं जातो. आणि कॅसेट परत घेतल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका.

आता ताईचं. ती डीव्हीडी तिनं आनंदानं पाहिली, दोनदा. गाणी तिच्या आवडीची निघाली. मी बांबूवाल्या भागाचं बोललो तर म्हणाली, "बरं झालं गेलं ते. कोणाले दाखवणार होता? माह्या पोरांले?" मग म्हणाली, "बाबांले सेवाग्रामले कोण घेऊन गेल्तं, इसरला?" विसरलो नव्हतो. तेच रुसलेले मामा. रात्री गाडी काढली, दवाखान्यात बाबांच्या उशाशी तेच बसले. अंगठीचा विषय बाबांनी एकदा काढला तर त्यांनीच हसून उडवला होता. हे कशातच रेकॉर्ड झालेलं नाही, आणि मला हवी होती ती फक्त त्यांची ती काही मिनिटं.

ताईचं म्हणणं मला पटतं, आणि पटूनही राग जात नाही. तो भाग ठेवायचा की पुसायचा हे ठरवायचा हक्क बाबांचा होता, नंतर ताईचा. तासावर दर घेणाऱ्याचा नव्हता. ताई म्हणाली, "समज, मीच पूस म्हटलं असतं तं?"

तर मी पुसलं असतं का? नसतं. तिला पुसलं म्हणून सांगितलं असतं आणि लपवून ठेवलं असतं.