भिंतीवरचा हिरवा रंग

झाशीच्या इलाइट चौराह्यावर दिवसभर वाहनांचा गजबजाट चालू असतो. तेथून थोडे आत, एका गल्लीत, तीन पिढ्यांपूर्वी या गावी स्थिरावलेल्या एका मराठी कुटुंबाचे घर आहे. दिवाळीपूर्वीची पुताई हा या घराचा नेम. एका वर्षी मात्र नुसत्या नव्या हाताने भागेना. मधल्या खोलीतील हिरव्या तैलरंगाचे पोपडे गळू लागले होते आणि त्याच जमिनीवर दहा महिन्यांचा नातू रांगत होता. सापडेल ते तोंडात घालीत होता.

भिंत चुन्याच्या गिलाव्याची. चुन्यातून ओल सहज बाहेर पडते. वर तैलरंगाचे पटल चढले की ती आत कोंडते आणि रंगाला फुगवून सोडविते. पोपड्यांचे कारण एवढेच. चिंता निराळी होती. जुन्या तैलरंगांत पुष्कळदा शिसे असे. घरगुती रंगांतील शिसे दशलक्षात 90 भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम भारतात 2016 मध्ये झाला व 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आला. हा रंग 1974 सालचा. शिशाने बालकाच्या वाढत्या मेंदूला होणारी इजा भरून येत नाही.

तो रंग अण्णांच्या दिवंगत पत्नीने निवडला होता. राणीमहालातील रंगविलेली छते पाहून आल्यावर, आपलीही एक खोली रंगीत असावी, असा तिने हट्ट धरला होता. सुनेला हे ठाऊक होते. ती म्हणाली, "अण्णा, तुमची इच्छा नसेल तर ही खोली आपण बंद ठेवू."

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिने ती लेकरांसाठीच रंगविली होती, सूनबाई. खरवडू या."

सून बाळाला घेऊन ग्वाल्हेरला माहेरी गेली. रंगारी कोरड्याच भिंतीवर काचकागद चालवू पाहत होता. अण्णांनी तो चालवू दिला नाही, कारण धूळच घातक. भिंत भिजवून पट्टीने थर सोडविले गेले, पोपडे अंथरलेल्या प्लास्टिकवर गोळा झाले, आणि केरसुणी न लावता जमीन ओल्या फडक्याने पुनःपुन्हा पुसली गेली. हिरव्याखाली पिवडी निघाली, पिवडीखाली नीळ घातलेला चुना.

दारावरच्या पट्ट्यात मात्र रंग घट्ट होता. घट्ट रंग उखडण्यापेक्षा झाकणे श्रेयस्कर. त्यावर नवा पांढरा हात दिला गेला. तेथे पोपडा सुटतो काय, हे पाहत राहणे तेवढे आवश्यक होते. बाळ परत आले, रांगू लागले. आणि अण्णा रोज सकाळी, चहापूर्वी, त्या दाराशी उभे राहून वर पाहू लागले.